टीपमावशीच्या तोंडची चव

माझी मावशी कपडे दुरुस्त करण्याचं दुकान चालवते. नवीन काही शिवत नाही. पँटची लांबी कमी करायची, बिघडलेली चेन बदलायची, उसवलेली बाही जोडायची, कुणी जाड झालं की शिवण सोडवून द्यायची आणि वाळलं की पुन्हा आत घ्यायची. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. उंच माणूस आत शिरला की त्याचं डोकं वर आपटतं आणि मावशी मशीनवरून नजर न उचलता म्हणते, "वाकून या." हे ती नेहमी डोकं आपटल्यावर म्हणते. लहानपणी आम्ही भावंडं तिला टीपमावशी म्हणायचो. पुढे गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली.

तिला एक खोड होती. दोरा कधी कात्रीनं कापायची नाही. शिवण संपली की कपडा तोंडाशी न्यायचा आणि पुढच्या दातांनी दोरा कट्‌कन तोडायचा. कात्री शेजारीच पडलेली असायची. "ती उचलेपर्यंत माझी दुसरी पँट होते," म्हणायची. इतक्या वर्षांत समोरच्या दोन दातांना बारीकशी खाच पडली होती.

चव पहिल्यांदा आली ती माझी आजी गेली त्या दिवशी. मावशी एका कोटाचं अस्तर बदलत होती. तोंडात अचानक लोखंडाची चव आली, जिभेवर किल्ली ठेवावी तशी. तिनं पाणी प्यायलं, साखर तोंडात टाकली, काही फरक पडला नाही. दुपारी माझ्या आईचा तिला फोन आला, आजी खुर्चीत बसल्या बसल्या गेली म्हणून. रडण्याच्या नादात चवीचं कुणाला काय सुचणार? पण पुढे ज्या मास्तरांच्या हाताखाली ती शिवण शिकली ते गेले, तेव्हा आदल्या संध्याकाळी तीच चव. आणि तिसऱ्या खेपेला तिच्या हातून चूक झाली. ती बोलून बसली.

मावशी त्याच इमारतीत वर राहते. तिची थोरली जाऊ समोरच्याच खोलीत एकटी राहायची. तिचा नवरा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, आमच्या काकांचा, मोठा भाऊ, लवकर गेला होता. सकाळी भांडी घासताना मावशी तिला सहज म्हणाली, "जाऊबाई, कालपासून तोंडात पुन्हा ती लोखंडी चव आहे. दोनदा आली आणि दोन्ही वेळेला माणूस गेलं हो." संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे म्हातारे पोस्टमन जिन्यात कोसळले ते उठलेच नाहीत. जाऊबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हातात कप घेऊन दारात उभ्या.

"तोंड कसं आहे गं?"

"बरं आहे."

"नक्की?"

"नक्की, जाऊबाई."

मग त्या हुश्श करून परत गेल्या. त्या दिवसापासून हे रोज सुरू झालं. गुडघे दुखत असोत, पाऊस असो, दारात कप आणि तोच प्रश्न. आणि जाऊबाईंच्या पोटात काही राहायचं नाही, त्यामुळे गोष्ट जिन्यानं खाली उतरली आणि रस्त्याला लागली.

एका दुपारी एक गृहस्थ जुना कोट घेऊन दुकानात आला. वडिलांचा आहे, बाह्या आखूड करायच्या आहेत, म्हणाला. मावशीनं माप घेतलं. तो जाईना. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "वडील दवाखान्यात आहेत. असं ऐकलं की तुम्हाला कळतं. मला फक्त हो की नाही सांगा, म्हणजे गावाहून भावाला बोलवायचं की नाही ते ठरवतो." मावशीनं कोटाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली. त्यानं रागानं विचारलं, "म्हणजे काय समजू?" ती म्हणाली, "माझ्याकडे काम जास्त आहे, एवढंच समजा." तो माणूस निघून गेला, पण मावशी उरलेला दिवस मशीनवर पाय ठेवून नुसती बसून होती.

हळूहळू लोक तिच्या तोंडाकडे बघून बोलायला लागले. म्हणजे डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. ती तोंड मिटून हसायला शिकली. आमच्या घरात 'तिच्या तोंडाला लागू नका' या बोलण्याचा अर्थच बदलून गेला. काका आधी थट्टा करायचे, "सकाळी उठल्यावर आधी मलाच बघतेस, चव घेतेस की काय?" मग त्यांचीही थट्टा बंद झाली. आणि चव मधूनमधून येतच होती. कधी कुणी जायचं, कधी नाही. पण शहर केवढं मोठं. कुणी ना कुणी गेल्याचं कानावर यायचंच.

हे सगळं एका पांढऱ्या कोटामुळे थांबलं. दोन गल्ल्या सोडून हिरड्यांच्या आजारावर उपचार करणारी एक डॉक्टर नवीन आली होती. तरुण, बारीक चणीची. तिचे डॉक्टरी कोट तिला गुडघ्यापर्यंत यायचे, म्हणून तिनं ते आखूड करायला दिले. मावशीनं करून दिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्यातला एक कोट घेऊन परत आली. खालच्या दुमडीवर, जिथे दोरा तोडला होता तिथे, तिळाएवढा तांबूस डाग, कडेनं फिकट पसरलेला.

"अगबाई, बोट टोचलं असेल मला. द्या, धुऊन देते," मावशी म्हणाली.

"बोट टोचलं असतं तर डाग असा पसरला नसता. यात थुंकी आहे," डॉक्टर म्हणाली. "दोरा दातांनी तोडता ना? तोंड उघडा बघू."

दुकानात, जिन्याखाली, मशीनच्या दिव्यात तिनं मावशीचं तोंड बघितलं. मग म्हणाली, "ताई, दुकान बंद करून माझ्याबरोबर चला."

मी तेव्हा तिथेच होते, माझी पँट घ्यायला आले होते. म्हणून मीच सोबत गेले आणि तेव्हापासून जातेय. आत एक खुर्ची, वर दिवा, दुधी काचेची खिडकी, थुंकी ओढून घेणारी नळी सतत सूं सूं करत असलेली. डॉक्टरनं खुणा असलेली एक बोथट सळई घेतली आणि दात आणि हिरडी यांच्या मध्ये हळूच खाली सरकवत गेली. प्रत्येक ठिकाणी सळई किती खोल गेली त्याचा आकडा ती म्हणायची आणि कोपऱ्यात बसलेली मदतनीस तो लिहून घ्यायची. "तीन, दोन, तीन. पाच. सहा. पाच." एका सुरात, काही भाव नसलेल्या आवाजात. मावशीची सगळी हयात मापं घेण्यात गेलेली. सहा म्हणजे काहीतरी वाईट, हे तिला कुणी सांगायला लागलं नाही.

"हिरडी दातापासून सुटलीय," डॉक्टर म्हणाली. "मध्ये पोकळी होते. तिला आम्ही खिसा म्हणतो."

"खिसे तर मी रोज शिवते. घाला टीप आणि करा बंद."

"असे शिवून बंद होत नाहीत. आतली घाण काढली, दाताची मुळं गुळगुळीत केली, की हिरडी आपली आपण आवळते. पण खालचं हाड झिजलंय ते भरून येत नाही. अजून वर्ष-दोन वर्षं अशीच गेली असती तर दात हलायला लागले असते."

मावशीनं चूळ भरली. भांड्यात लाल पाणी पडलं. त्या पाण्याकडे बघत तिनं विचारलं, "रक्ताची चव लोखंडासारखी असते का हो?"

"हो. रक्तात लोह असतंच."

"आणि हे रक्त कधी येतं?"

"कधीही. ब्रश करताना, दोरा तोडताना, काही न करताही."

"म्हणजे कुणी गेलं नाही तरी?"

डॉक्टरला काही कळेना, तेव्हा मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, चव तुम्हाला पुष्कळ वेळा आली असणार. ज्या दिवशी कुणी गेलं तेवढेच दिवस तुमच्या लक्षात राहिले." मावशी खुर्चीत आडवी पडल्या पडल्या रडायला लागली. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि ती म्हणत होती, "म्हणजे माझ्या हिरड्याच होत्या. हिरड्याच होत्या गं."

मग उपचार झाले. तोंड बधिर करून एकेका बाजूच्या हिरडीखालून डॉक्टरनं खरवडून खरवडून घाण काढली. तो आवाज मला बाहेरच्या बाकावरही ऐकू यायचा, पाटीवर नख ओढल्यासारखा. हिरड्या आवळल्या, गुलाबी झाल्या, चव गेली.

"आता बरी झाले ना?" मावशीनं विचारलं.

"हा आजार जात नाही, ताई. झोपतो. आपण दर तीन महिन्यांनी बघायचं, झोपलाय ना. तुमचा ब्रश पोचत नाही तिथे पुन्हा थर साठतो. तो मी काढणार, खिसे मोजणार, कुठे रक्त येतंय का बघणार."

"किती वर्षं?"

"दात आहेत तोपर्यंत."

दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. मावशीला मात्र हे ऐकून बरं वाटलं. कुणीतरी दर तीन महिन्यांनी त्या गोष्टीवर पाळत ठेवणार होतं. तिनं गळ्यात कात्री अडकवली, दोरा दातांनी तोडणं सोडलं, दातांच्या फटीत फिरवायचे ते चिमुकले ब्रश आणले आणि रोज रात्री आरशासमोर उभं राहून, दागिना घासावा तसा एकेक दात घासायला लागली. तपासणीची तारीख तिनं एकदाही चुकवली नाही. पुढच्या वर्षांत आमच्या नात्यातली माणसं गेली, तेव्हा तिला काहीच आधी कळलं नाही. माझ्या आईच्या वेळी तर ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मला काही माहीत नव्हतं गं, काहीच माहीत नव्हतं." ते दुःख होतंच. पण त्यात आणखी काहीतरी होतं, ते मला सुटकेसारखं वाटलं.

जाऊबाईंचा सकाळचा प्रश्न मात्र थांबला नाही. हिरड्यांचं सगळं त्यांना समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कप घेऊन दारात. एकदा त्यांनी मावशीचा हात धरला. "हे बघ, माझी पाळी आली आणि तुला कळलं, तर लपवू नकोस. मला घाबरायचं नाहीये. माझं कपाट आवरायचंय. कुणी परक्यानं उघडलं तर लाज वाटेल."

"जाऊबाई, तसं काही नसतं हो."

"नसू दे. तू सांग म्हणजे झालं."

"बरं. सांगेन," मावशी म्हणाली. विषय संपावा म्हणून.

जाऊबाई एका दुपारी गेल्या. कप मांडीवर, चहा अर्धा प्यायलेला. मावशीनं दुकानातून धावत येऊन त्यांना बघितलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर आरशासमोर जाऊन ओठ खाली ओढला. बोटानं हिरड्या दाबून दाबून बघितल्या. काही नाही. नुकतीच तपासणी झाली होती, तोंड लख्ख. मग आम्ही कपाट उघडलं. कोंबलेले कपडे, रिकाम्या बाटल्या, दोऱ्या, जुनी पाकिटं, सगळं अंगावर आलं. मावशी त्या ढिगात बसली आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "त्यांचं आवरायचं राहिलं. मी सांगते म्हटलं होतं."

त्याच वर्षी काकांच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून घरी आले, पण चेहऱ्याचा रंग परत आला नाही. पुढच्या तपासणीला मावशी खुर्चीत आडवी होता होता डॉक्टरला म्हणाली, "एक खिसा राहू द्या. मागचा, डावीकडचा."

डॉक्टर हसली. "कशाला? किल्ल्या ठेवायला?"

मावशीही तोंड मिटून हसली. मला ते हसू आवडलं नाही. बऱ्याच वर्षांनी ती तोंड मिटून हसली होती.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप झालं. "दोन, दोन, तीन. दोन, दोन, दोन." मागच्या डाव्या दाढेशी सळई खाली गेली ती जातच राहिली. "सहा," डॉक्टर म्हणाली आणि थांबली. सळईच्या कडेनं रक्त वर आलं. तिनं त्या दाढेचा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. दाढेच्या मुळाशी हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं.

"सगळं तोंड आरशासारखं आणि एवढीच जागा घाण? ताई, ही जागा तुम्ही मुद्दाम सोडलीत."

मावशी दिव्याकडे बघत राहिली.

"ब्रश इथपर्यंत आणायचा आणि ही दाढ ओलांडून पुढे जायचं, असंच ना?"

"यांची तब्येत बरी नाही," मावशी म्हणाली. "मला आधी कळायला हवं. जाऊबाईंच्या वेळी कळलं नाही."

डॉक्टरनं तोंडावरची पट्टी खाली ओढली. "त्या खिशातून कुणाचीही खबर येत नाही. तिथून फक्त तुमचं हाड जातंय. आज साफ करते आणि तीन महिने थांबायचं नाही, लवकर या. आणि ताई, मला शब्द द्या."

मावशीनं शब्द दिला. या वेळी पाळलासुद्धा. ती मला रात्री ब्रश केल्यावर फोन करून सांगायची, "झालं गं, मागची डावीसुद्धा." जणू दाराला कडी लावून आले, असं.

पुढच्या खेपेला मी आत, दाराशीच उभी होते. मोजमाप झालं. दाढेचा खिसा आवळला होता. डॉक्टर खूश झाली. "शाब्बास, ताई. कुठेही रक्त नाही." आणि तेवढ्यात मावशीनं हात वर केला.

"येतेय," ती म्हणाली.

"काय?"

"चव. आत्ता आली."

डॉक्टरनं पुन्हा बघितलं. दिवा जवळ ओढला. कापसाची गुंडाळी घेऊन वरची हिरडी, खालची हिरडी, आतून, बाहेरून, जिभेखाली, सगळीकडे दाबून फिरवली आणि मावशीसमोर धरली. कापूस पांढरा होता. तिनं दुसरी गुंडाळी घेतली. तीही पांढरी.

"हे बघा. थेंबसुद्धा नाही."

"दिसतंय मला. पण आहे," मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, पावसाचा थेंब पडला असं सांगावं तसा.

मदतनीस लिहायची थांबली होती. कुणीतरी नळी बंद केली होती, किंवा ती आपोआप थांबली असेल, पण खोलीत कसलाच आवाज नव्हता. दुधी काचेमागून एक सावली गेली, रस्त्यावरचं कुणीतरी. आणि आम्हाला सगळं समजावून सांगणारी ती शिकलेली डॉक्टर खाली वाकून अगदी हळू आवाजात म्हणाली, "कोण?"

"ते कधीच कळत नाही," मावशी म्हणाली.

मदतनीस उठून बाहेर गेली. मी दारातून बघितलं, ती पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. "आई? नाही, काही नाही. सहज केला." डॉक्टरनं खिशातून स्वतःचा फोन काढला, आमच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. मग पुन्हा काढला.

घरी येताना मावशी माझ्या स्कूटरवर मागे बसली होती आणि तिनं मला इतकं घट्ट धरलं होतं की मला श्वास घेता येईना. ती फक्त एवढंच म्हणत होती, "हळू चालव." काका खिडकीपाशी रेडिओ उघडून त्याच्यातल्या तारा जोडत बसले होते. मावशी त्यांच्यासमोर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मी लाख खुणा केल्या, तरी सांगितलं. कपाटाची गोष्ट तिच्या मनातून गेली नव्हती.

काका म्हणाले, "बरं. चहा तरी कर. आणि हा स्क्रू खाली पडलाय, तो शोध."

दोघं जमिनीवर बसून स्क्रू शोधत राहिले. काका त्या दिवशी गेले नाहीत. त्या आठवड्यातही नाही. डॉक्टरच्या घरचे ठीक होते, मदतनीस मुलीच्या घरचे ठीक होते. डॉक्टरनं नंतर सांगितलं की काही गोळ्यांनीसुद्धा तोंडात धातूची चव येते. म्हणून मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्याही बदलून बघितल्या. मावशी म्हणाली, "हो, त्यानं असेल." चव काही दिवस राहिली आणि निघून गेली. तपासण्या सुरूच आहेत. हिरड्या गुलाबी आहेत, ती दाढ अजून जाग्यावर आहे, आणि डॉक्टर प्रत्येक वेळी शेवटी कापूस फिरवून आधी स्वतः बघते, मग मावशीला दाखवते. पण चव मधूनमधून येते, हे मला ठाऊक आहे. मावशी बोलत नाही. त्या दिवशी ती दुकान उघडत नाही आणि काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसते, काहीतरी निवडत, काहीतरी उसवत. काका विचारतात, "आज दुकान नाही?" ती म्हणते, "काम कमी आहे." काका रेडिओचा आवाज थोडा मोठा करतात. त्यांची तब्येत आता बरीच सुधारली आहे.

परवा सकाळी माझ्या घराची बेल वाजली. दारात मावशी. मला वाटलं काकांना काही झालं.

"नाही गं, ते छान आहेत. पोहोचवून गेले मला इथे," ती म्हणाली. "सहज आले. दुकान बंदच आहे आज."

तिनं चपला काढल्या, माझ्या शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि पिशवीतून माझाच एक जुना कुडता काढून त्याची बटणं बसवायला लागली. मी ऑफिसला जायला उठले तर म्हणाली, "आज नको जाऊस." मी गेले नाही. दिवसभर ती माझ्याजवळ बसून होती. मी स्वयंपाकघरात गेले की उठून मागे यायची आणि दाराशी उभी राहायची. दुपारी मी माझा टेबलाचा खण उघडला आणि आवरायला घेतला. ती बघत होती. "राहू दे ते," ती म्हणाली, "नंतर आवर."

संध्याकाळी काका तिला न्यायला आले. चपला घालताना ती म्हणाली, "पुढच्या तपासणीला नाही आलीस तरी चालेल. जाईन मी एकटी."

"मी येणार आहे," मी म्हटलं.

तिनं माझ्या गालाला हात लावला आणि जिना उतरायला लागली.